फवारणीला नकार देणारी बाग : ‘सेंद्रिय’ म्हणजे नेमकं काय?



‘सेंद्रिय शेती म्हणजे काय?’ हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं : “औषध न मारता केलेली शेती.” निबंधात हे वाक्य लिहिलं की गुणही मिळतात. आपण मोठी माणसंही दुकानात ‘सेंद्रिय’ अशी पाटी दिसली की हेच गृहीत धरून दोन पैसे जास्त मोजतो. हे उत्तर अगदीच चूक नाही, पण फार अपुरं आहे. ज्या मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे ती तर लगेच म्हणतील, “सर, औषध मारल्याशिवाय द्राक्ष येतंच नाही.” मग कोण बरोबर?

हे समजून घ्यायला आज एका बागेची गोष्ट सांगणार आहे. बाग फ्रान्समधली, एका कुटुंबाची, आणि पूर्णपणे सेंद्रिय. तिच्या मालकाने २०१३ साली सरकारी आदेश असूनही एक फवारणी केली नाही, म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. जगभरातल्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव आलं. गंमत अशी, की हा आदेश सेंद्रिय शेतीत चालणारं औषध मारूनही पाळता आला असता. तरीही तो नाही म्हणाला. का, याचं उत्तर शोधताना ‘सेंद्रिय’ हा शब्द नीट उलगडतो.

एक खुलासा आधीच करते. ही बाग वाइनच्या द्राक्षांची आहे. वाइन हा काही शाळेत शिकवायचा विषय नाही, आणि या लेखातही बाटलीपर्यंत आपण फारसे जाणार नाही. आपला विषय वेल, कीड, शेजारी आणि कायदा हा आहे. वर्गात सांगताना ‘द्राक्षाची बाग’ एवढं म्हटलं तरी सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगता येते.

बाग कुठे आहे?

फ्रान्सच्या पूर्व भागात बरगंडी नावाचा प्रदेश आहे. त्यात कोत-द-ओर हा जिल्हा, आणि त्या जिल्ह्यात बोन नावाचं जुनं गाव. गावाच्या मागे चुनखडीच्या खडकाची लांबट टेकडी आहे, आणि तिच्या उतारावर शेकडो वर्षांपासून द्राक्षाचे वेल आहेत. काळ्या द्राक्षाची जात पिनो न्वार आणि पांढऱ्याची शार्दोने, या दोनच जाती प्रामुख्याने लावतात. इथले जमिनीचे तुकडे इतके जुने आणि इतके बारकाईने आखलेले आहेत की २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तुकडे हा शब्द मुद्दाम वापरला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर आलेल्या कायद्याने वडिलांची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या. क्लो द वूजो ही इथली एक प्रसिद्ध बाग साधारण ५० हेक्टरची आहे, भोवती दगडी भिंत आहे, बाहेरून पाहिलं तर एकाच मालकाची वाटते. पण तिचे मालक आहेत ८०च्या आसपास! कुणाच्या वाट्याला तर मोजक्या ओळी. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि बांधावरून भाऊबंदकी सुरू होते, ते चित्र डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की तिथे दोन मालकांच्या मधे बहुतेक वेळा बांधही नसतो. ही ओळ माझी, पुढची तुझी.

आणि वेलीही दाटीने लावलेल्या. एका हेक्टरमध्ये साधारण १०,००० वेल, म्हणजे एक मीटरवर ओळ आणि एक मीटरवर वेल. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी हजाराच्या आत-बाहेर वेल बसतात. एका हेक्टरचे अडीच एकर धरून मुलांना हिशेब करू द्या. तिथली दाटी आपल्या चौपट निघते. दाटी, लहान तुकडे, आणि मधे भिंत नाही. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

अशा भागात एमान्युएल झिबूलो यांची जवळपास १० हेक्टरची, म्हणजे पंचवीसेक एकरांची कौटुंबिक बाग आहे. त्यांच्या वडिलांनी १९७०च्या दशकात शेती सेंद्रिय केली. तेव्हा फ्रान्समध्ये रासायनिक शेतीचा जोर होता, सेंद्रिय म्हणजे काहीतरी खुळचटपणा असं मानलं जाई. वडिलांचा तो निर्णय मुलाने पुढे चालवला, आणि बायोडायनॅमिक पद्धतीपर्यंत नेला.

बायोडायनॅमिक हा शब्द आपल्याकडेही ऐकू येतो. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली दिलेल्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग त्यातलं चिमूटभर पाण्यात बराच वेळ ढवळून शेतात शिंपडायचं, चंद्राच्या कला पाहून कामं करायची, असं बरंच काही त्यात आहे. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यातलं सगळंच पचेल असं नाही. मलाही पचत नाही. पण अशा बागांत माणूस वेलीपाशी रोज जातो, पान उलटून बघतो, माती हातात घेतो. त्याचा फायदा होतोच, शिंग पुरा किंवा पुरू नका.

सेंद्रिय बागेतही फवारा असतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेंद्रिय द्राक्षबागेत फवारणी होते का? होते. आणि ती नीटच करावी लागते.

द्राक्षाचे दोन जुने शत्रू आपल्याकडच्या प्रत्येक बागायतदाराला पाठ आहेत : भुरी आणि डावणी. दोन्ही बुरशीसारखे रोग. (काटेकोर बोलायचं तर डावणीचा जंतू खऱ्या बुरशीत मोडत नाही, पण शेतात त्याला बुरशीच म्हणतात.) भुरीवर गंधक आणि डावणीवर तांबं, हे दोन उपाय सेंद्रिय शेतीत चालतात, कारण ती खनिजं आहेत, कारखान्यात जोडलेले कृत्रिम रेणू नाहीत.

तांब्याची गोष्ट तर वर्गात सांगायलाच हवी अशी आहे. १८८२ साली बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्सी मियार्दे बागांमधून जात होते. त्या वर्षी डावणीने वेलींची पानं गळून पडली होती. पण रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मात्र पानं शाबूत! चौकशी केली तेव्हा कळलं, की वाटसरू येता-जाता द्राक्षं तोडून खातात म्हणून बागवाल्यांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला होता. निळसर, विषारी दिसावं आणि चोराने हात लावू नये, एवढाच हेतू. त्या चोरांमुळे जगाला डावणीवरचं औषध मिळालं. मियार्दे यांनी प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. आपले शेतकरी ज्याला ‘बोर्डो’ म्हणतात, तेच हे बोर्डो मिश्रण. नाशिक-सांगलीच्या बागांत आजही बादलीत मोरचूद भिजत पडलेला दिसतो, त्याचं मूळ फ्रान्समधल्या त्या रस्त्याच्या कडेला आहे. मुलांना सांगा, निरीक्षण म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकात सापडणं कठीण.

पण तांबं निसर्गातलं आहे म्हणून निरुपद्रवी आहे का? नाही. तांबं कुजत नाही, विरत नाही. दर वर्षी मारलेलं मातीच्या वरच्या थरात साचत जातं, आणि फार साचलं की गांडुळांना आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांना त्रास होतो. म्हणून युरोपात २०१९ पासून अशी मर्यादा आहे, की सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. पावसाळी वर्षी जास्त मारलं तर कोरड्या वर्षी हात आवरायचा.

तेव्हा ‘औषध न मारता’ ही व्याख्या इथेच गळून पडते. सेंद्रिय म्हणजे काय वापरायचं, किती वापरायचं, आणि त्याची नोंद कशी ठेवायची याची एक ठरलेली शिस्त. कृत्रिम खत नाही, तणनाशक नाही, कृत्रिम कीडनाशक नाही. वेलीसारख्या वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या पिकाला ही शिस्त तीन वर्षं पाळल्यावरच युरोपात सेंद्रियचा शिक्का मिळतो. त्या तीन वर्षांत खर्च आणि मेहनत सेंद्रियची, पण मालाला तो शिक्का नाही. हा काळ कुटुंबाला सगळ्यात जड जातो. वडिलांनी सोसायचं आणि मुलाने खायचं, असा तो व्यवहार आहे.

सोनेरी पिवळा रोग

आता तो रोग, ज्याच्यावरून सगळं महाभारत घडलं.

फ्रेंच भाषेत त्याचं नाव फ्लाव्हेसाँस दोरे. अर्थ ‘सोनेरी पिवळेपणा’. नाव सुंदर आहे, रोग नाही. वेलीची पानं खाली वळतात, पांढऱ्या जातीत पिवळी आणि काळ्या जातीत लाल पडतात. फांद्या पिकून कडक व्हायच्या ऐवजी रबरासारख्या लवलवीत राहतात. घड सुकून जातात. वेलीला उपचार नाही. उपटायची आणि जाळायची.

रोगाचं कारण फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला एक प्रकारचा जिवाणू. तो वेलीच्या रसवाहिन्यांत राहतो. एका वेलीतून दुसऱ्या वेलीत त्याला नेतो एक तुडतुडा, जो फक्त द्राक्षवेलीवर वाढतो. आपल्याकडे वांग्याच्या झाडाला पर्णगुच्छ होतो ना, बारीक बारीक पानांचा झुपका येतो आणि वांगं धरत नाही? तोही फायटोप्लाझ्माच, आणि त्यालाही तुडतुडेच पसरवतात. परसात वांगी असतील तर मुलांना हा रोग प्रत्यक्ष दाखवता येईल.

हा तुडतुडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. द्राक्षाच्या बाबतीत अमेरिकेने युरोपला अशा बऱ्याच भेटी पाठवल्या. भुरी तिथूनच आली, मुळांवरची फिलॉक्सेरा कीड तिथून आली, डावणीही तिथूनच. फिलॉक्सेराने तर १८६०च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, आणि शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधूनच त्या वाचल्या. (आपल्याकडे ‘डॉगरिज’ खुंटावर कलम बांधतात. आपलं कारण वेगळं, खारट पाणी आणि पाण्याची ओढ, पण खुंट अमेरिकनच.) सोनेरी पिवळा रोग फ्रान्सच्या नैऋत्येकडे १९५०च्या दशकात पहिल्यांदा दिसला आणि हळूहळू बाकीच्या भागांत सरकत गेला.

आता यातली खरी अडचण बघा. तुडतुड्याची वर्षाला एकच पिढी होते. मादी वेलीच्या सालीखाली अंडी घालते, ती हिवाळा काढतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात. पिल्लू जन्मतः निरोगी असतं. रोगट वेलीचा रस प्यायलं की जंतू त्याच्या पोटात जातो, साधारण महिनाभराने ते रोग पसरवण्याजोगं होतं आणि मग मरेपर्यंत पसरवतं. आणि ज्या वेलीला या वर्षी लागण झाली तिच्यावर खुणा दिसतात पुढच्या वर्षी! म्हणजे आज हिरवीगार दिसणारी बाग आतून रोगट असू शकते. उपाय केला नाही तर रोगट वेली एका वर्षात दहापटीपर्यंत वाढू शकतात, असं तिथली कृषी यंत्रणा बागायतदारांना बजावते. तीन वेलींपासून सुरुवात करा : ३, ३०, ३००, ३०००. त्याच्या पुढच्या वर्षी हेक्टरातल्या दहा हजार वेली कमी पडतात. घातांकाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

म्हणून फ्रान्समध्ये या रोगाशी लढणं कायद्याने सक्तीचं आहे. रोगट वेल दिसली की उपटायची. एखाद्या तुकड्यात २० टक्क्यांहून जास्त वेली रोगट निघाल्या, तर सगळा तुकडाच उपटायचा, निरोगी वेलींसकट. नवी वेल लावली तर पहिलं पीक हातात यायला तीनेक वर्षं जातात, आणि जुन्या वेलीची प्रत यायला तर माणसाचं अर्धं आयुष्य.

आदेश आणि नकार

कोत-द-ओरच्या शेजारच्या जिल्ह्यात हा रोग सापडला आणि काही बागा उपटाव्या लागल्या. घबराट पसरली. जून २०१३ मध्ये कोत-द-ओरच्या प्रीफेक्टने (आपल्याकडचा जिल्हाधिकारी समजा) आदेश काढला : जिल्ह्यातल्या सगळ्या द्राक्षबागांनी तुडतुड्यावर कीटकनाशक मारलंच पाहिजे. रोग सापडलेला असो वा नसो. सेंद्रिय बागांना एक सोय होती, त्यांनी पायरेथ्रिन मारलं तरी चालणार होतं.

पायरेथ्रिन म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलापासून काढलेलं कीटकनाशक. याचीच कृत्रिम भावंडं आपल्या घरात रोज रात्री जळतात, मच्छर अगरबत्ती आणि कॉइलमध्ये. फुलातून येतं म्हणून सेंद्रिय शेतीत त्याला परवानगी आहे, आणि उन्हात ते लवकर विघटित होतं. पण ते तुडतुडा आणि मधमाशी यांत फरक करत नाही. समोर येईल तो कीटक मारतं.

झिबूलो यांनी फवारणी केली नाही. जुलैमध्ये कृषी विभागाचे लोक तपासणीला आले तेव्हा त्यांनी काही लपवलंही नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माझ्या बागांच्या आसपास रोग सापडलेला नाही. मी आणि माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं खपून बागेत जो कीटकांचा समतोल उभा केला, परभक्षी कीटक, कोळी, मधमाश्या, तो एका फवाऱ्यात मोडायचा, आणि तोही केवळ ‘न जाणो’ म्हणून? आधी शोधा, जिथे रोग सापडेल तिथे उपाय करा.

कायद्यात शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि ३०,००० युरोपर्यंत दंड. फेब्रुवारी २०१४ मध्ये दिजों शहरातल्या न्यायालयात सुनावणी झाली. बाहेर शेकडो लोक त्यांच्या पाठिंब्यासाठी जमले, इंटरनेटवर लाखो लोकांनी सह्या केल्या. एप्रिलमध्ये निकाल लागला : दोषी. प्रत्यक्ष भरायचा दंड ५०० युरो. झिबूलो वरच्या न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिथे सुटले.

सुटले ते कशामुळे? इथे मुलांना थांबवून अंदाज करायला लावा. बहुतेक जण म्हणतील, “न्यायालयाला त्यांचं म्हणणं पटलं.” तसं नव्हतं. वरच्या न्यायालयाचा मुद्दा असा होता, की प्रीफेक्टला असा आदेश काढायचा तर कृषिमंत्र्यांची मंजुरी हवी होती आणि ती घेतलेली नव्हती. आदेशच बेकायदा, मग तो मोडण्याचा गुन्हा कुठून आला? फवारणी योग्य होती की अयोग्य, यावर न्यायालयाने निवाडा दिला नाही.

मग कोण बरोबर?

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे लगेच शेतकऱ्याच्या बाजूने होतात. एका बाजूला एकटा माणूस, वडिलांचा वारसा, मधमाश्या. दुसऱ्या बाजूला सरकारी कागद. सिनेमा तयार! पण आपण शिक्षक आहोत, आपल्याला शेजाऱ्याच्या ओळीतही जाऊन उभं राहायला हवं.

वर म्हटलेल्या तीन गोष्टी आठवा : दाटी, लहान तुकडे, मधे भिंत नाही. झिबूलोंच्या शेजारी एक मीटरवर दुसऱ्या कुटुंबाची वेल आहे. तुडतुड्याला सातबारा वाचता येत नाही. झिबूलो चुकले असते आणि रोग त्यांच्या बागेत आत शिरून बसलेला असता, तर पुढच्या वर्षी उपटायची पाळी त्यांच्याच नाही, शेजाऱ्याच्याही वेलींवर आली असती. त्या शेजाऱ्याच्याही वडिलांनीच वेली लावल्या असतील. बरगंडीतल्या अनेक सेंद्रिय बागायतदारांनी त्या वर्षी नाराजीने का होईना पायरेथ्रिन मारलं. त्यांना मधमाश्या नकोशा नव्हत्या. आपल्या गावातल्या लसीकरणाचा विचार करा. एकाच घराने नाही म्हटलं तर तो प्रश्न फक्त त्या घराचा राहतो का? पण ही तुलना पूर्ण जुळत नाही हेही मुलांना सांगायला हवं. लस आजूबाजूच्या कुणाला मारत नाही. पायरेथ्रिन मारतं.

दुसरीकडे, सरसकट आदेश हा प्रशासनाचा सोपा मार्ग असतो. सगळ्या जिल्ह्याला एकच नियम लावला की तपासायला सोपं. कुठे रोग आहे, कुठे नाही, हे ओळीओळीने शोधायचं तर माणसं लागतात, वेळ लागतो. झिबूलोंच्या नकाराने हा प्रश्न ऐरणीवर आला, आणि माझ्या मते त्या प्रकरणाची खरी कमाई तीच. त्यांचा नकार पूर्ण बरोबर होता असं मला म्हणवत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न, “आधी शोधलंत का?”, तो बरोबर होता.

पालकांसाठी यातून एक साधी गोष्ट. बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणून काही घेताना ‘औषध मारलं नाही ना?’ असं विचारू नका. प्रामाणिक शेतकरी त्या प्रश्नाने अडचणीत येतो आणि अप्रामाणिक माणूस बेधडक ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी ‘काय मारलं, कधी मारलं, प्रमाणपत्र कुणाचं आहे?’ असं विचारा. ज्याच्याकडे नोंदवही आहे तो आनंदाने सांगेल. पाकिटबंद मालावर सेंद्रियचं अधिकृत चिन्ह आहे का ते मुलांना शोधायला लावा. आणि द्राक्षं सेंद्रिय असली तरी धुऊनच खायची. गंधक आणि मोरचूदही पोटात जायची वस्तू नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर आठवी-नववीला दोन तास पुरतात. पहिल्या तासाला गोष्ट सांगा, पण निकालापाशी थांबा. वर्गाचे चार गट करा : झिबूलो, शेजारचा बागायतदार, प्रीफेक्ट, आणि गावातला मधमाश्या पाळणारा. प्रत्येकाने आपली बाजू मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी गट बदलायचे, म्हणजे काल जो झिबूलो होता तो आज शेजारी. मुलं सुरुवातीला कुरकुर करतात, पण गट बदलल्यावरच वादाला धार येते. द्राक्षपट्ट्यातली शाळा असेल तर एखाद्या पालक-बागायतदाराला बोलवा आणि त्यांची फवारणीची वही बघू द्या. तारीख, औषध, प्रमाण, काढणीच्या किती दिवस आधी मारलं, सगळं त्यात असतं. मुलांना त्यांच्या बापाची वही वाचता येणं हेही काही कमी शिक्षण नाही.

आणि शेवटी त्यांना हे सांगा, की बरगंडीत आता काय चालतं. लागवडीची कलमं ५० अंश तापमानाच्या पाण्यात ४५ मिनिटं बुडवून ठेवतात. त्यात जंतू मरतो, कलम जगतं. आणि द्राक्षतोडणी संपण्याच्या सुमारास, रोगाच्या खुणा अगदी ठळक दिसतात त्या दिवसांत, गावागावांतले बागायतदार एकत्र जमतात. सेंद्रियवाले आणि बिनसेंद्रियवाले, मोठ्या नावांचे आणि चार ओळींचे मालकही. हातात नकाशा आणि खूण करायला रंगीत फीत. मग रांगेने ओळीओळीतून चालत जातात, माझी-तुझी न म्हणता प्रत्येक वेलीचं पान बघत. संशय आला त्या वेलीला फीत बांधायची, पान तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि पुढच्या ओळीत शिरायचं.